लिंबावर रात्री कोण बोलते?

वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

परसातील पक्ष्यांविषयी प्रश्न पाठवावेत असे आवाहन मागील अंकात केले, तेव्हा बुलबुल, साळुंकी आणि शिंपी यांच्याविषयी पत्रे येतील असे वाटले होते. प्रत्यक्षात बहुतेक पत्रे रात्रीच्या आवाजांविषयी आली आणि त्यांतील अनेक पत्रांत आवाजाचे वर्णन ‘भयानक’ या एका शब्दात आटोपलेले आहे. त्या शब्दावरून ऐकणाऱ्याची अवस्था समजते, पक्षी ओळखता येत नाही. ज्या वाचकांनी आवाज एका दमात किती वेळा आला, दोन आवाजांमध्ये किती वेळ गेला आणि तो कोठून येत होता एवढे नोंदवून पाठविले, त्यांचेच प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : आमचे जुने माळवदाचे घर असून परसात लिंबाचे मोठे झाड आहे. दिवेलागणीला आणि पुन्हा पहाटे कोंबडा आरवण्याच्या सुमारास त्या झाडावर दोन-तीन पक्षी कडाकडा भांडत असल्यासारखे ओरडतात आणि पाच-दहा मिनिटांत गप्प होतात. सासूबाई म्हणतात की हा पिंगळा असून घराजवळ त्याचे बोलणे चांगले नसते. हा पिंगळाच असेल का? (एक वाचक भगिनी, सेलू तालुका, जि. परभणी)

उत्तर : सासूबाईंनी पक्षी अचूक ओळखला आहे. पिंगळ्याचा आवाज दोन भागांचा असतो. आधी ‘चिर्रर्र, चिर्रर्र’ असा घासल्यासारखा कर्कश सूर येतो आणि त्यालाच जोडून ‘चिवक्-चिवक्-चिवक्’ असा घाईचा सूर लागतो. एकाने सुरुवात केली की जोडीदार त्यातच आपला आवाज मिसळतो, म्हणून ऐकणाऱ्याला ते भांडण वाटते. वस्तुतः ती जोडी हे झाड आणि ही ढोली आपली असल्याचे शेजारच्या जोडीला कळवीत असते. संध्याकाळी बाहेर पडताना आणि पहाटे ढोलीत परतताना असा दोन वेळचा गलबला हीच त्याची मोठी खूण आहे.

मराठवाड्यातील गावांत आणि शहरांत सर्वाधिक आढळणारे घुबड हेच होय. ते साधारण २१ सेंटिमीटर लांबीचे, म्हणजे साळुंकीपेक्षा किंचित लहान पण गोलमटोल असते. राखी-तपकिरी अंगावर पांढरे ठिपके, पांढऱ्या भुवया आणि पिवळे डोळे असतात, डोक्यावर शिंगांसारखी पिसे नसतात. लिंबाची अथवा चिंचेची ढोली, पडक्या गढीच्या भिंतीतील भोक, माळवदाच्या कडेखालची फट, यांपैकी काहीही त्याला पुरते. आपण दुपारी त्या झाडाकडे नीट पाहिले, तर ढोलीच्या तोंडाशी बसून तो आपल्याकडे पाहत मान वर-खाली हलविताना दिसण्याची शक्यता आहे. साळुंक्या आणि बुलबुल एकाच फांदीभोवती गोंधळ घालीत असतील, तर तेथे पिंगळा बसला आहे असे समजण्यास हरकत नाही.

शकुनाविषयी मात्र सासूबाईंशी मतभेद नोंदवावा लागतो, आणि त्यासाठी परंपरेचाच आधार आहे. पहाटे हातात कंदील घेऊन दारोदार जाणाऱ्या आणि भविष्य सांगणाऱ्या भिक्षेकऱ्यालाही आपण पिंगळाच म्हणतो. त्याला या पक्ष्याची भाषा कळते अशी समजूत होती आणि बायाबापड्या त्याला सुपातून दाणे घालीत असत. ज्याच्या नावाने दारात आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवीत नसत, तोच पक्षी अशुभ कसा ठरतो, हे त्यांनाच विचारून पाहावे. पिंगळ्याच्या आहारात किड्यांचा, टोळांचा आणि उंदरांच्या पिलांचा भरणा मोठा असतो, आणि रस्त्यावरील दिव्याखाली जमलेले किडे टिपण्यासाठी तो तारेवर येऊन बसतो.

प्रश्न : आमच्या शेजारचा वाडा अनेक वर्षांपासून बंद आहे. गेल्या महिनाभरापासून त्याच्या वरच्या मजल्यावरून रात्रभर माणूस घोरत असल्यासारखा आवाज येतो. काहींना तो नागाचा फुत्कार वाटतो, काहींना आणखी काही वाटते, आणि मांत्रिकास आणावे असेही बोलले जाऊ लागले आहे. मी निवृत्त शिक्षक असल्याने लोक मला विचारतात, परंतु मलाही उत्तर सुचत नाही. (एक वाचक, अंबाजोगाई, जि. बीड)

उत्तर : गुरुजी, वर्गणी काढून मांत्रिकाला देण्याऐवजी ती शिल्लक ठेवावी, कारण आवाज दोन महिन्यांच्या आत आपोआप थांबेल. आपण वर्णन केलेला घोरण्याचा आवाज गव्हाणी घुबडाच्या पिलांचा असावा असे जवळजवळ खात्रीने म्हणता येते.

या घुबडाच्या नावातच गव्हाण आहे, आणि माणसाच्या वस्तीशी त्याचे नाते तितकेच जुने आहे. जुने वाडे, गढ्या, बारवा, देवळांची शिखरे, धान्याची गोदामे, जेथे वर्दळ नाही परंतु उंदीर आहेत, तेथे ते राहते. ‘घू-घू’ असा घुमणारा सूर ते काढीतच नाही. प्रौढ पक्ष्याचा आवाज म्हणजे सुमारे दोन सेकंद टिकणारी, जाड कापड टराटरा फाडल्यासारखी खरखरीत किंकाळी होय, आणि ती बहुधा उडता उडता मारलेली असते. त्याच्या पंखाच्या पुढील कडेला कंगव्यासारखे बारीक दाते असल्यामुळे उडण्याचा आवाज होत नाही. त्यामुळे अंगणात बाजेवर निजलेल्या माणसाला काही चाहूल न लागता ती किंकाळी एकदम डोक्यावर ऐकू येते, आणि पांढरी आकृती सरकत गेलेली दिसते. भुताच्या किती गोष्टी या एका पक्ष्याने जन्माला घातल्या असतील, याची मोजदाद कोणी केलेली नाही.

पिलांचा आवाज याहून वेगळा असतो. ‘श्श्श्श्खर्रर्र’ असा एक-दोन सेकंदांचा सूर, थोडी उसंत, पुन्हा तोच सूर, असे रात्रभर चालते, कारण ती भूक सांगण्याची भाषा आहे. नर किंवा मादी उंदीर घेऊन आली की आवाज एकदम वाढतो आणि दोन-चार मिनिटांनी पुन्हा पूर्वपदावर येतो. हा चढउतार आपण एक रात्र घड्याळ जवळ ठेवून टिपून घ्यावा. नागाचा फुत्कार असा तासन्‌तास आणि ठरावीक अंतराने येत नाही, एवढे मंडळींना सांगितले तरी निम्मी भीती जाईल.

एकाच ठिकाणाहून निरनिराळ्या जाडीचे आवाज येत असल्याचेही आपण लिहिले आहे, आणि ही नोंद फार मोलाची आहे. गव्हाणी घुबडाची मादी बहुधा चार ते सात अंडी दोन-तीन दिवसांच्या अंतराने घालते, परंतु पहिले अंडे घातल्याबरोबर उबवावयास बसते. साहजिकच पिलेही त्याच क्रमाने बाहेर पडतात, आणि थोरल्या व धाकट्या पिलात आठवडा-दीड आठवड्याचे अंतर राहते. उंदीर भरपूर असतील तर सर्व जगतात. ते कमी पडले तर थोरली पिले खाऊन घेतात आणि धाकटे मागे पडते. अंडी उबण्यास महिनाभर लागतो आणि पिले साधारणपणे दोन महिन्यांची होईपर्यंत उडू लागत नाहीत, यावरून आपल्या शेजारी अजून किती दिवस घोरणे चालेल याचा हिशेब आपणच मांडू शकाल.

पुरावा हवा असल्यास दिवसा, मालकाच्या परवानगीने, वाड्याच्या खालच्या मजल्यावर पाहावे. घुबड शिकार बहुधा सबंध गिळते आणि न पचलेले केस व हाडे यांची गोळी करून तोंडावाटे टाकते. गव्हाणी घुबडाची ताजी गोळी काळसर व चकचकीत असते, ती अंगठ्याहून जाड असते आणि वाळल्यावर अलगद मोडली तर आत उंदरांच्या कवट्या आणि पिवळे दात अखंड सापडतात. आपल्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कोणी विज्ञान शिकवीत असेल, तर एक-दोन गोळ्या त्याच्या वर्गासाठी अवश्य द्याव्यात. माळ्यावर मात्र चढू नये. घाबरलेली पिले मागे सरकत कडेवरून खाली पडतात. पिले उडून जाईपर्यंत झरोके बुजवू नयेत आणि या काळात आसपास उंदरांचे विष ठेवू नये, कारण विष खाल्लेला उंदीर मंदावतो, सहज सापडतो आणि तोच पिलांच्या तोंडी जातो.

प्रश्न : हरभऱ्याला पाणी देण्यासाठी आठवड्यातील काही दिवस रात्रीच्या लाईटवर शेतात जावे लागते. आखाड्यापासून काही अंतरावर डोंगराची कपार आहे, तेथून अंधार पडता पडता मडक्यात तोंड घालून बोलावे तसा ‘बु-बोऽऽ’ असा आवाज येतो. सालगडी म्हणतो की तो जवळच्या बांधावरून येतो, मला तो लांबून आल्यासारखा वाटतो. हे कोणते घुबड? (एक शेतकरी, पाटोदा तालुका, जि. बीड)

उत्तर : शृंगी घुबड. मडक्याची आपली उपमा इतकी नेमकी आहे की आणखी काही विचारण्याची गरज राहिली नाही. स्वर दोन, पहिला आखूड, दुसरा लांबविलेला, दोन्ही खर्जातले, आणि पुढची हाक काही सेकंदांनी. तिन्हीसांजेस आणि पहाटे हे बोलणे अधिक असते. नोव्हेंबरपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत त्याचा विणीचा काळ असल्याने हरभऱ्याच्या पाळ्या आणि त्याच्या हाका एकाच वेळी येतात.

अंतराच्या वादात आपण बरोबर असण्याची शक्यता जास्त आहे. खालच्या पट्टीतील स्वर झुडपांत आणि हवेत कमी विरतात, म्हणून ते लांबवर पोहोचतात, आणि रात्री वारा पडलेला असेल तर किलोमीटरभर दूर बसलेले घुबड बांधावर असल्याचा भास होतो. कानांवर विसंबण्यापेक्षा दोघांनी दोन ठिकाणी उभे राहावे आणि ज्या दिशेने आवाज आला तिकडे एकाच वेळी हात करावा. दोन्ही दिशा जेथे मिळतात, तेथे घुबड बसलेले असते.

बालाघाटाच्या रांगांत, ओढ्यांच्या उंच दरडींत आणि माळावरील खडकांत हे घुबड राहते. लांबी ५० सेंटिमीटरहून अधिक, डोळे नारिंगी, आणि डोक्यावर पिसांची दोन शिंगे, जी कान नसून केवळ पिसेच असतात. ते काड्यांचे घरटे बांधीत नाही. कपारीच्या उघड्या मातीवरच अंडी घालते, आणि म्हणूनच थंडीत व उन्हाळ्याच्या आरंभी अशा दरडींतून मुरूम उपसला की त्याची वीण उद्ध्वस्त होते. ती कपार आपल्या हद्दीत असल्यास मुरमाचे काम पावसाळ्याच्या तोंडावर ढकलावे, अशी विनंती आहे. शेतातील उंदीर आणि घुशी खाणारा एवढा मोठा राखणदार पगारावर मिळत नाही.

दोन आवाजांशी याची गल्लत होते. भारद्वाजही घुमतो, परंतु तो ‘ऊप्-ऊप्-ऊप्’ असे अनेक स्वर एकापाठोपाठ काढतो आणि उजाडल्यावरही बोलत राहतो. मत्स्य घुबडाचा सूरही खर्जातला असतो, परंतु ते गोदावरीसारख्या नदीकाठच्या किंवा तलावाकाठच्या दाट, मोठ्या झाडांवर असते. कोरड्या डोंगरकपारीत ते सापडणार नाही.

प्रश्न : आमच्या वसाहतीमागे चिंचेची चार झाडे आहेत. रात्री अकरानंतर तेथून ‘वुक्’ असा एकच आवाज येतो, काही सेकंद थांबतो, पुन्हा ‘वुक्’ येतो, आणि हे पंधरा-वीस मिनिटे चालते. मित्र म्हणतो तो बेडूक आहे, वडील म्हणतात ती कुठली तरी मोटार आहे. (एक विद्यार्थिनी, लातूर)

उत्तर : तो शिंगळा आहे. बेडकाची शंका रास्त आहे, कारण आवाजात बेडकासारखा ओलसरपणा असतोच, परंतु आपले पत्र जानेवारीतील आहे, आणि कोरड्या जमिनीवरील चिंचेच्या शेंड्यावर त्या दिवसांत बेडूक बोलत नाही. प्रश्न विचारल्यासारखा किंचित वर जाणारा एकच स्वर आणि मधली जवळजवळ ठरीव उसंत, एवढ्यावर शिंगळा ओळखावा. तो पिंगळ्याहून थोडासाच मोठा असतो, डोक्यावर लहान शिंगे आणि डोळे गडद तपकिरी असतात. दिवसा तो खोडाला चिकटून असा बसतो की सालीचाच तुकडा वाटतो, त्यामुळे आपल्याला तो दिसला नाही तर निराश होऊ नये. मोटारीचे म्हणाल, तर वडिलांची थट्टा करण्याचा अधिकार मला नाही. मी स्वतः एकदा एका आखाड्याच्या लोखंडी फाटकाची कुरकुर घुबड समजून अर्धी रात्र वहीत लिहीत बसलो होतो. वारा थांबला आणि घुबडही थांबले, तेव्हा उलगडा झाला.

प्रश्न : गावाबाहेरच्या जुन्या आमराईत रात्री कोणी तरी कापऱ्या आवाजात हसते. ‘चुहुऽआऽआऽ’ असा तो सूर असतो. पोरे तिकडे जाण्यास धजत नाहीत. (एक वाचक, किनवट तालुका, जि. नांदेड)

उत्तर : आपल्या भागाला सागाचे जंगल लागून आहे, आणि जुनी आमराई, चिंचबन किंवा वडाची मोठी झाडे ही वनघुबडाची आवडती ठिकाणे आहेत. त्याचे हे थरथरते हसू विणीच्या दिवसांत, म्हणजे थंडी सरताना, विशेष ऐकू येते. बाकी वेळी ते एखादाच सौम्य ‘हू’ काढते किंवा खरखरते. हे घुबड सुमारे ४५ सेंटिमीटरचे, गोल डोक्याचे, काळेभोर डोळ्यांचे आणि शिंगे नसलेले असते. पोरांना एखाद्या संध्याकाळी आपण स्वतः सोबत घेऊन जावे आणि आमराईच्या कडेला अर्धा तास गप्प बसवावे. त्यांना गप्प बसविणे हीच यातील अवघड गोष्ट आहे.

प्रश्न : मोबाईलवर ध्वनिमुद्रित केलेले तीन आवाज पाठवीत आहे. मोबाईलमधील ॲपने पक्ष्यांची नावे सांगितली, परंतु दर वेळी निराळी. ही कोणती घुबडे आहेत? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : तिन्ही काळजीपूर्वक ऐकले. त्यांत एकही घुबड नाही, परंतु तिन्ही आवाज आपल्याला फसविणाऱ्यांच्या यादीत अग्रभागी असल्याने येथे नोंदवितो.

पहिला आवाज टिटवीचा आहे. तो रात्रीही येतो, कारण कुत्रे, माणूस वा मुंगूस पिलांच्या जवळून गेले की ती वेळकाळ पाहत नाही. दुसरा करवानकाचा. माळावर राहणारा हा मोठ्या पिवळ्या डोळ्यांचा पक्षी रात्री ‘पिक्-पिक्-पिक्’ अशी शीळ चढवीत नेतो आणि शेवटी ‘पिक्-विक्, पिक्-विक्’ करीत उतरवतो, आणि एक बोलला की माळावरचे दुसरे त्याला उत्तर देतात. तिसरा आवाज रातव्याचा. फरशीवर गोटी टाकली असता तिचे टप्पे जसे जवळ जवळ येत अखेरीस घरंगळतात, तसे ‘चक्-चक्-चक्-चकर्रर्र’ हे त्याचे बोलणे असते. रात्रीच्या प्रवासात कच्च्या रस्त्यावर बसलेला, गाडीच्या उजेडात ज्याचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात आणि जो अगदी चाकापुढून उडतो, तो हाच. जूनच्या तोंडावर ध्वनिमुद्रण केलेत तर चौथाही मिळेल. पावशा चांदण्या रात्रीही ‘पेरते व्हा’ म्हणत असतो.

ॲपचा दोष थोडा आणि ध्वनिमुद्रणाचा जास्त आहे. आपल्या तिन्ही ध्वनिमुद्रणांत मोबाईल हातात धरल्याची खसखस, कुत्र्यांचे भुंकणे आणि कोठल्या तरी पंपाची घरघर आहे. मोबाईल भिंतीवर किंवा कट्ट्यावर ठेवून द्यावा, त्याचे तोंड आवाजाच्या दिशेला करावे, आपण चार पावले मागे व्हावे आणि सलग एक मिनिट मुद्रण करावे. सुरुवातीला तारीख, वेळ, ठिकाण आणि जवळचे झाड वा भिंत हे स्वतःच्या तोंडाने सांगून ठेवावे. नंतर झेनो-कँटो या संकेतस्थळावरील ध्वनिमुद्रणांशी ते ताडून पाहावे. तेथे जगभरातील पक्ष्यांचे आवाज २००५ पासून साठविले जात आहेत आणि ते सर्वांना ऐकण्यास खुले आहेत. ॲपने एखादे नाव सुचविल्यास तो पक्षी मराठवाड्यात आणि त्या ऋतूत असतो काय, एवढे पाहिल्याशिवाय ते मान्य करू नये.

प्रश्न : घुबडाला दगड मारला तर ते तो दगड नेऊन पाण्यात घासते आणि दगड झिजेल तसा मारणारा झिजतो, असे आमच्या आजीने सांगितले होते. यात तथ्य आहे काय? (एक वाचक, भोकरदन तालुका, जि. जालना)

उत्तर : तथ्य नाही, परंतु या समजुतीने वाचविलेल्या घुबडांची संख्या बरीच असावी, म्हणून आजीला दोष देववत नाही. आपल्याकडे घुबडाला हात न लावण्याचे दुसरे कारण सांगता येते. आपल्याकडील घुबडांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण असून त्यांना मारणे, पकडणे, विकणे किंवा पाळणे हा गुन्हा आहे. दिवाळीच्या सुमारास अघोरी पूजेसाठी घुबडे पकडण्याचे प्रकार होतात. असे काही आढळल्यास अथवा जखमी घुबड सापडल्यास वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

प्रश्न : मोबाईलवर पिंगळ्याचा आवाज लावला तर तो उत्तर देतो, असे मित्रांनी करून दाखविले. लहान मुलांना दाखविण्यासाठी रोज संध्याकाळी हे करावे काय? (एक वाचक, धाराशिव)

उत्तर : तो उत्तर देतो, कारण त्याच्या हद्दीत दुसरा पिंगळा शिरला असा त्याचा समज होतो. मग तो ढोली सोडून त्या न दिसणाऱ्या शत्रूला शोधत फिरतो. विणीच्या दिवसांत अंडी किंवा पिले तेवढा वेळ उघडी पडतात आणि किडे टिपण्याची संध्याकाळची वेळही वाया जाते. रोज असे झाले तर ती जोडी झाड बदलू शकते. मुलांना दाखवायचे असेल तर दिवेलागणीच्या दहा मिनिटे आधी सतरंजी घेऊन झाडापासून वीस-पंचवीस पावलांवर बसावे, बॅटरीचा झोत डोळ्यांवर मारू नये आणि वहीत तीन रकाने आखून द्यावेत : किती वाजता बोलला, किती वेळ बोलला, दुसऱ्याने उत्तर दिले की नाही. आठ दिवसांच्या नोंदी झाल्या की वही आमच्याकडे पाठवावी. पुढील अंकात त्यासाठी जागा राखून ठेवली आहे.